समुद्र नसलेल्या गावातले प्लँक्टनवाले

नीट पार पडलेल्या कामाचा अहवाल होतो आणि फसलेल्या कामाचा किस्सा. आमच्या तिघांकडे अहवाल एकही नाही, किस्से मात्र लई साचलेत. कुणाच्या हळदीला गेलो, बँकेच्या रांगेत उभा राहिलो, की ओळखीचं कुणीतरी म्हणतंच, "सर, ते तुमचं प्लँक्टनचं सांगा की." मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. एखादा हसता हसता मधेच गप्प होतो. मला तो माणूस जास्त आवडतो.

आधी आम्ही तिघं कोण ते सांगतो. मी दिगंबर, नांदेडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर. दुसऱ्या वसुधा मुगटकर मॅडम, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही, एकट्या राहायच्या, स्कूटीच्या डिकीत कायम काचेच्या बाटल्या खुळखुळत असायच्या. तिसरे युसूफभाई पेंटर. एके काळी नांदेडातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. त्यांच्यासारखा 'श्री' कुणाला काढता यायचा नाही. मग फ्लेक्स आलं आणि युसूफभाई घरांच्या भिंती रंगवायला लागले.

खूळ सुरू झालं ते मॅडमच्या मायक्रोस्कोपपासून. पुस्तकासाठी आकृत्या काढायला त्यांनी मला बोलावलं होतं. गोदावरीच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि म्हणाल्या, "बघ." मी डोळा लावला. आत काचेचे डबे होते, चांदण्या होत्या, एक पारदर्शक किडा सारखा उड्या मारत होता. इतकं नक्षीकाम मी जन्मात काढलं नव्हतं. आणि मधोमध एक सुंदर निळी रेघ.

"ही निळी कोण?" मी विचारलं.

"ती कुणी नाही. कुणाच्या तरी पॉलिस्टरच्या साडीचा धागा आहे तो. आता त्या किड्याच्या पोटात बघ."

किड्याच्या पोटात तसाच निळा तुकडा होता.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. पाण्याबरोबर वाहत जाणारे हे बारीक जीव म्हणजे प्लँक्टन. प्रवाहाच्या उलट जायची ताकद त्यांच्यात नसते. नदीत असतात, समुद्रात तर अफाट. आपण घेतो त्या श्वासाचा मोठा वाटा समुद्रातल्या ह्याच मंडळींचा. आणि आपलं प्लास्टिक झिजून झिजून इतकं बारीक होतं, की ते खाणं समजून गिळतात. त्यांना मासे गिळतात. माशांना माणसं.

"पण मॅडम, नांदेडला समुद्र कुठाय?"

"गोदावरी कुठं जाते मग? लातूरची मांजरा गोदावरीलाच मिळते. नांदेडचा माणूस समुद्रावर जात नाही असं तुला वाटतं. तो रोज जातो. त्याला ठाऊक नसतं एवढंच."

मी हे युसूफभाईंना सांगितलं. त्यांनी येऊन मायक्रोस्कोपात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "सर, इतकं बारीक काम करून कुणी दाखवत न्हाई म्हणजे काय? आपण मोठं करून दाखवू." ठरलं. मी रेखाटायचं, त्यांनी रंगवायचं, मॅडमनी बोलायचं.

* * *

पहिलं प्रदर्शन एका वाचनालयाच्या हॉलमध्ये. चित्रं, मातीच्या प्रतिकृती, आणि टेबलावर मायक्रोस्कोप. मॅडमचा फ्लेक्सला सक्त विरोध होता. कापडी फलक युसूफभाईंनी स्वतः रंगवला होता. पण वाचनालयाचे सचिव उत्साही माणूस. आम्हाला न विचारता त्यांनी चौकात भलंमोठं फ्लेक्स लावून टाकलं. मजकूर फोनवरून सांगितला. दुकानातल्या ऑपरेटरला 'प्लँक्टन' हा शब्द चुकलेला वाटला. त्यानं दुरुस्त केला.

चौकात झळकलं, "भव्य प्लँचेट प्रदर्शन. अदृश्य जगाची भेट. सर्वांना प्रवेश मोफत."

'अदृश्य जगाची भेट' ही ओळ माझी होती, मला फार आवडलेली.

गर्दी ही गर्दी झाली. एका पोराला पोलीस भरतीत नंबर लागेल का ते त्याच्या मेलेल्या आजोबांना विचारायचं होतं. एक बाई सासऱ्यांनी सोनं कुठं पुरलं ते विचारायला आल्या होत्या. खरं कळल्यावर लोक चिडले, काही जण आमच्यावर ओरडले. ते सगळं ठीक होतं. पण कंधारकडचे एक म्हातारबाबा सकाळची पहिली एसटी धरून आले होते. धोतर स्वच्छ, खिशात बायकोचा फोटो. ते ओरडले नाहीत. हळूच मॅडमजवळ आले.

"बाई, माझी मंडळी बोलंल का? जास्त न्हाई, दोन शब्द."

मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं. हे ते नाही, चुकीचं छापलंय, हे नीट समजावलं. म्हातारबाबा मान हलवत राहिले. मग मॅडम म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलात तर हे बघून तरी जा," आणि त्यांना मायक्रोस्कोपापाशी नेलं. त्यांनी एक डोळा हातानं झाकून पाहिलं.

"हलून राहिलंय की."

"जिवंत आहे ते, बाबा."

"नाव काय ह्याचं?"

"आहे नाव, पण कुणाला माहीत नसतं."

"तिचं बी कुणाला ठावं नव्हतं," म्हातारबाबा म्हणाले. "समदे म्हातारीच म्हणायचे." आणि फोटो खिशात नीट बसवून निघून गेले.

मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्यात सचिव हात चोळत आले. "सर, गर्दी पाहिली का? पुढच्या खेपेला पण हेच छापू."

* * *

मग भिंत. नदीच्या घाटाजवळ एक लांबलचक भिंत रिकामी होती. लोक तिच्यावर थुंकत, आडोशाला उभे राहत. महापालिकेच्या ऑफिसात साहेबांना भेटलो, ते म्हणाले, "रंगवा की. आम्हाला कशाला विचारता?" ही परवानगी आम्ही खरी मानली.

युसूफभाईंनी त्या भिंतीवर जीव ओतला. मी खडूनं रेखाटून द्यायचो, ते परातीएवढा मोठा एकेक जीव रंगवायचे. हिरवे, सोनेरी, पारदर्शक. पारदर्शक रंगवणं किती अवघड असतं हे ज्यानं ब्रश धरलाय त्यालाच कळतं. भिंतीच्या शेवटी, सगळ्यांना गिळायला निघालेला, प्लास्टिकच्या धाग्यांचा एक गोल गुंता काढला. लाल, केशरी, पिवळा. लोकांना भीती वाटावी म्हणून मुद्दाम भडक.

लोक थांबायचे, बघायचे. खतं-औषधांचा एक दुकानदार गाडी थांबवून म्हणाला, "पेंटर, हा किडा कोणत्या औषधानं मरतो?" युसूफभाई म्हणाले, "हा मेला तर आपण बी मरतो, शेठ." शेठ हसत हसत गाडीला किक मारून गेले.

एक दिवस पाहतो तर त्या गुंत्यावर कुंकू. खाली उदबत्ती. सूर्यनारायण समजून कुणा बाईनं पूजा केली होती. मी पुसायला निघालो तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे. निदान कुणी थुंकणार तरी नाही."

मग निवडणूक आली. एका उमेदवाराच्या माणसांनी घाटाजवळच्या सगळ्या भिंती धरल्या. भिंती पांढऱ्या करायचं काम ज्या ठेकेदाराला मिळालं, त्यानं युसूफभाईंनाच बोलावलं. मला कळलं तेव्हा मी धावत गेलो. युसूफभाई चुन्याची बादली घेऊन भिंतीपुढं उभे होते.

"युसूफभाई, तुम्ही कशाला घेतलं हे काम? नाही म्हणायचं ना."

"मी न्हाई म्हटलं तर दुसरा येईल, सर. तो झाडू मारल्यासारखा मारत जाईल." त्यांनी ब्रश बुडवला. "मी एकेकाला हळू पुसतो."

आणि खरोखर त्यांनी तसंच केलं. डावीकडून सुरुवात केली. आधी प्रत्येक जीवाच्या कडेनं ब्रश फिरवायचे, मग आत. मी तिथं थांबू शकलो नाही.

युसूफभाईंनी नंतर सांगितलं, शेवटच्या गुंत्याशी आल्यावर ठेकेदार लांबून म्हणाला, "ए पेंटर, तो देव तेवढा राहू दे. उगीच लफडं नको."

निवडणूक होऊन गेली, उमेदवाराचं चिन्हही उडालं. भिंतीवर आता तो प्लास्टिकचा गुंता तेवढा शिल्लक आहे. दर रविवारी त्याला हार असतो.

* * *

लातूरच्या एका शाळेनं बोलावलं. मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर सांगितलं, "आमच्याकडे पर्यावरण सप्ताह आहे. मुलांकडून काहीतरी करून घ्या, फोटो चांगले यायला पाहिजेत." आम्ही ठरवलं, पाण्याच्या टाकाऊ बाटल्या कापून प्लँक्टनचे आकाशकंदील करायचे. प्रत्येक मुलानं घरातली एक जुनी बाटली आणायची. मॅडम खूश होत्या. लातूरला आम्ही सकाळीच पोचलो.

शाळेच्या फाटकापाशी गाड्यांची रांग. आईबाप मुलांना सोडायला आलेले, आणि प्रत्येकाच्या हातात बाटल्यांचे नवेकोरे खोके. वरचं चकचकीत प्लास्टिक अजून फाडलेलंही नव्हतं.

मी एका वडिलांना म्हटलं, "अहो, जुनी आणायची होती ना? टाकाऊ."

"जुनी कुठं शोधणार, सर? ती चेपलेली असते. आमच्या पोराचा कंदील बाकीच्यांपेक्षा वाईट दिसला तर ते रडतंय."

आता बाटली कापायची तर आधी रिकामी करायला पाहिजे. पोरं ओळीनं उभी राहिली आणि शाळेच्या मैदानावर बाटल्या उलट्या केल्या. पोरांना मजा वाटत होती. पाणी मातीतून वाहत नालीकडं निघालं. उन्हाळा तोंडावर आला होता, त्या भागात नळाला पाणी येऊन कैक दिवस झाले होते. शाळेच्या शिपाई मावशी आतून बादली घेऊन पळत आल्या आणि पोरांच्या बाटल्यांखाली धरायला लागल्या. एका पोराकडून दुसऱ्याकडं, वाकून वाकून.

"बाळा, इकडं वत. इकडं वत रे."

मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून ओरडल्या, "मावशी, मधे मधे करू नका. फोटो चाललेत."

* * *

कंधारला महिलांची रांगोळी स्पर्धा होती. विषय आमचाच, 'समुद्रातले अदृश्य जीव', आणि परीक्षकांत मॅडमही. आदल्या आठवड्यात मॅडमनी तिथं जाऊन व्याख्यान दिलं होतं. त्यात त्यांनी एक सुंदर गोष्ट सांगितली होती. काही प्लँक्टनना स्वतःचा उजेड असतो. अंधारात लाट फुटली की सगळा समुद्र निळा चमकतो. सांगताना मॅडमचाच चेहरा उजळला होता.

स्पर्धेत सुरेखाताई म्हणून एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. नवरा एसटीत ड्रायव्हर. त्यांनी काढलेली रांगोळी बघून आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. लाट होती, लाटेत एकेक जीव होता, आकारसुद्धा अगदी बरोबर. आणि सगळी लाट चमकत होती. निळी, रुपेरी, जांभळी. बाईंनी रांगोळीत पाकिटंच्या पाकिटं चमकी ओतली होती.

चमकी म्हणजे काय ते सांगायला नको. प्लास्टिकच ते, आधीच बारीक करून विकलेलं.

"मॅडम, तुम्ही सांगितलं होतं ना, समुद्र चमकतो म्हणून," सुरेखाताई म्हणाल्या. "मला रात्रभर तेच दिसून राहिलं होतं."

मॅडम रांगोळीपाशी वाकल्या. म्हणाल्या, "लई सुंदर झालंय."

बाकीच्या परीक्षकांनी पहिला नंबर सुरेखाताईंना दिला. तो चुकीचा दिला असं मी आजही म्हणणार नाही. समारंभ संपला, दोन पोरांनी पाईप लावून मैदान धुऊन काढलं. तो निळा समुद्र आमच्या डोळ्यांदेखत वळणं घेत गटारात गेला. बाईंशी हात मिळवल्यामुळं परतीच्या वाटेवर गाडीत मॅडमचे तळवे चमकत होते. त्यांनी ते पुसले नाहीत. कुठं पुसणार?

दिवाळीच्या सुमारास सुरेखाताईंचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुम्ही शिकवलेलं मी विसरले नाही. आता दर सणाला तीच रांगोळी काढते. गल्लीतल्या सगळ्या बायकांना पण शिकवली."

* * *

एका पाण्याच्या बाटल्यांच्या कारखानदारानं आम्हाला बोलावून घेतलं होतं, ते थोडक्यात सांगतो. त्यांना आमची चित्रं सगळ्या शाळांमध्ये फिरवायची होती. गाडी त्यांची, छपाई त्यांची. ऑफिसात एसी, समोर काजू नि चहा.

"चित्रं एकदम फर्स्टक्लास," शेठ म्हणाले. "फक्त एक बदल. प्लँक्टन राहू द्या, प्लास्टिक काढा."

मॅडम म्हणाल्या, "मग माशाच्या पोटात काय दाखवू?"

"मासा हसताना दाखवा ना. पोट कशाला दाखवता? निगेटिव्ह नको, मॅडम. लेकरं बघणार आहेत."

मॅडम उठल्या. चहा तसाच राहिला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. गाडी मिळाली असती तर आम्ही माहूर-किनवटपर्यंत गेलो असतो. फाटकापाशी वॉचमन आमच्या मागं धावत आला. शेठनं तिघांसाठी तीन बाटल्या पाठवल्या होत्या. ऊन लई आहे म्हणून.

युसूफभाई तहानलेले होते. त्यांनी बाटलीकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि वॉचमनला म्हणाले, "तुम्हीच पिऊन घ्या, चाचा."

* * *

लातूरच्याच एका कोचिंग क्लासचा हॉल. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं कुठून कुठून आलेली, इस्लापूरकडची सुद्धा. क्लासचे सर म्हणाले, "ह्या टॉपिकवर एखादाच प्रश्न येतो. अर्धा तास देतो तुम्हाला. पोरांना जरा ब्रेक बी होईल."

मॅडमनी विचारलं, "प्लँक्टन म्हणजे काय, कोण सांगेल?" सगळ्या हॉलनं एका सुरात व्याख्या म्हटली. काना-मात्रेची चूक नाही. मॅडमनी मायक्रोस्कोपाला जोडलेला पडदा लावला आणि विचारलं, "आणि हे काय आहे?" हॉल चिडीचूप. शेवटी एक पोरगा म्हणाला, "मॅडम, ऑप्शन द्या."

सगळे हसले, त्यात मॅडमही. नंतर पोरं एकेक करून मायक्रोस्कोपापाशी आली, डोळा लावून गेली. एक मुलगी तिथंच रेंगाळली. केसांना तेल, डोळ्यांखाली काळं. तिनं आधी क्लासच्या सरांकडं चोरून पाहिलं, मग मॅडमना विचारलं, "हे पाठ करायचंय का?"

"नाही ग."

"परीक्षेला येतंय?"

"असंच्या असं नाही येणार."

"मग नुसतं बघू का?"

मॅडम म्हणाल्या, "बघ की." आणि स्वतःची खुर्ची तिला दिली. मुलगी बसली. तिनं डोळा लावला न लावला तोच बेल झाली. क्लासचे सर मागून म्हणाले, "चला, फिजिक्स." मुलगी उठली, खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली आणि थँक्यू म्हणून गेली.

परत येताना अहमदपूरपाशी आम्ही चहाला थांबलो. मॅडमनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "दिगंबर, तिला नाव विचारायला पाहिजे होतं रे मी."

* * *

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात आम्ही रोज जायचो. युसूफभाई घरून बिनसाखरेचा चहा आणायचे, स्टीलच्या थर्मासमध्ये. शेवटी शेवटी मॅडम फार बोलायच्या नाहीत. एकदा सलाईनच्या नळीतून पडणारे थेंब बघत म्हणाल्या, "ह्याच्यात काही पोहत नाही. लई एकटं वाटतं बघ." आम्ही हसलो, कारण त्यांना आम्ही हसलेलं हवं होतं.

हैदराबादहून त्यांचे थोरले भाऊ आणि भाचा आले. सगळं त्यांनीच केलं, व्यवस्थित केलं. भाचा शिकलेला, शांत मुलगा. आत्याचा त्याला लळा होता. अस्थी विसर्जनासाठी त्यानं मला फोन केला, "काका, तुम्ही या. आणि ते पेंटर काकांना पण आणा. आत्या त्यांच्याबद्दल फार बोलायची."

आम्ही गेलो. सकाळची वेळ. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं. युसूफभाई इस्त्रीचा पांढरा पायजमा-कुडता घालून आले होते. आपण पुढं जावं की नाही ह्या विचारानं वरच्या पायरीवर, जरा लांबच, चपला काढून उभे राहिले. मी त्यांच्याजवळ थांबलो.

खाली गुरुजी सांगत होते तसं भाचा करत होता. स्मशानातून अस्थी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिल्या होत्या, वर लाल फडकं. त्यानं फडकं सोडलं, गुडघाभर पाण्यात गेला आणि पिशवी हळूहळू रिकामी केली. राख पाण्यावर पसरली, थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. त्याचे वडील रडत होते. भाच्याच्या हातात पिशवी तशीच राहिली. ती धरून तो गोंधळून गुरुजींकडं बघायला लागला.

गुरुजी म्हणाले, "सोडून द्या. परत न्यायची नसते."

त्यानं सोडून दिली. पिशवीत थोडी हवा होती. ती फुगली आणि डुलत डुलत प्रवाहाला लागली.

मी युसूफभाईंकडं वळलो तर ते जागेवर नव्हते. ते पायऱ्या उतरून पाण्यात शिरले होते. कपड्यानिशी. गुडघ्याएवढं, कंबरेएवढं, मग छातीएवढं पाणी. मी हाक मारली, त्यांनी ऐकलं नाही. त्यांना पोहता येत नाही हे मला ठाऊक होतं. काठावरची माणसं उभी राहून बघायला लागली. एकदा त्यांचा पाय घसरला, डोकं पाण्याखाली गेलं, मग वर आलं. हात लांब करून त्यांनी पिशवी धरली.

ते काठाला आले तेव्हा दाढीतून पाणी गळत होतं. भाचा त्यांच्याजवळ गेला. रागावला नव्हता, पण घाबरला होता.

"काका, ते परत नाही आणायचं असं म्हणतात. राहू द्या ना. ते आत्याचं आहे."

युसूफभाईंनी पिशवी उलटी केली, पिळली, घडी घातली आणि कुडत्याच्या ओल्या खिशात ठेवली.

"न्हाई बेटा," ते म्हणाले, "हे मॅडमचं न्हाई."